लज्जागौरी आणि चंद्रगुत्ती

‘पेगन’ या शब्दाच्या लॅटिन मुळाशी खेडूत हा अर्थ आहे. मराठीतील ‘गावंढळ’ त्याचा सोयराच म्हणावा. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ने (1978) अशा ‘गावंढळ’ नग्नदेवतेला सर्जनशक्ती म्हणून प्रतिष्ठा दिली आणि रेणुका-यल्लम्मेशी तिचे नाते जोडले. मात्र ती देवता पाषाणाची. शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्तीच्या रेणुकेपुढे नग्न होत ती हाडामांसाची माणसे, प्रामुख्याने दलित. मार्च 1986 मध्ये दलित संघर्ष समितीच्याच कार्यकर्त्यांनी ही पूजा रोखू पाहिली, तेव्हा जमावाने त्यांना, पोलिसांनाही, विवस्त्र केले. पुढे शासनाची बंदी आली.

‘बेत्तले पूजे याके कूडदु?’, नग्नपूजा का नको, असे यू. आर. अनंतमूर्तींनी विचारले. श्रद्धेचा अर्थ सुशिक्षितांना पटला तरच ती सहन करायची, ही अट त्या प्रश्नाने उघडी पडते. ढेरे यांचे मर्मग्राही विवेचन नकळत तीच अट पाळते. नवसामागील सक्तीचे काय, याचे उत्तर मात्र अनंतमूर्तींकडेही नाही.

त्याच शीर्षकाच्या त्यांच्या पुस्तकात (1996) बालपणी देवाच्या दगडांवर लघवी करून कोपाची परीक्षा पाहिल्याची आठवणही आहे. श्रद्धेची पाठराखण आणि तिची परीक्षा तेथे शेजारी नांदतात. ती आठवण एम. एम. कलबुर्गी यांनी जून 2014 मध्ये बंगळूरच्या सभेत सांगितली आणि त्यांच्याविरुद्ध गहजब उडाला. 30 ऑगस्ट 2015 रोजी धारवाडच्या राहत्या घरी त्यांची हत्या झाली.