नाचणीचा खटला : कनकदासांचे ‘रामधान्यचरित्रे’ आणि धान्यांची उतरंड

सोळाव्या शतकातील कन्नड संतकवी कनकदास यांचे ‘रामधान्यचरित्रे’ हे सुमारे दीडशे कडव्यांचे आख्यानकाव्य आहे. भामिनी षट्पदी या सहा चरणांच्या कन्नड छंदात ते रचलेले आहे. कथा अगदी लहान आहे. तांदूळ आणि नाचणी यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून भांडण होते आणि त्याचा निवाडा प्रभू रामचंद्र करतात. धान्यांच्या आडून कवी जातीविषयी बोलत आहे, हे पहिल्या वाचनातच कळते. त्यामुळे बहुतेक अभ्यासक्रमांत हे काव्य ‘समतेचा संदेश देणारे रूपक’ एवढ्या एका ओळीत आटोपले जाते. ती ओळ चुकीची नाही, पण काव्याच्या मानाने फार तोकडी आहे. या टिपणात आपण काव्यातला खटला नीट पाहू. तक्रार कोणाची, पुरावा कोणता आणि न्यायासनावर कोण, हे तीन प्रश्न त्यासाठी हाताशी ठेवू.

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हे काव्य शिकवताना रूपक समजावून सांगावे लागत नाही. ते रस्त्यावरच दिसते. आज काचेच्या इमारती आणि संगणक कंपन्यांसाठी ओळखला जाणारा हा भाग काही दशकांपूर्वी खेड्यांचा, तळ्यांचा आणि कोरडवाहू शेतांचा होता, आणि या पट्ट्यातले कोरडवाहू पीक म्हणजे रागी, अर्थात आपली नाचणी. इथे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याने इडली, डोसा, भात खाता येतो. हे सगळे तांदळाचे पदार्थ, आणि ही खाद्यपरंपरा मुख्यतः उडुपीकडच्या ब्राह्मणी स्वयंपाकघरातून आलेली. ‘रागी मुद्दे’, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, मटणाच्या रश्शाबरोबर खायचा तर मिलिटरी हॉटेल गाठावे लागते. कोणत्या पाटीखाली कोणते धान्य शिजते हे इथल्या माणसाला न सांगता ठाऊक असते. अलीकडे दर्शिनीतही रागी डोसा मिळतो, त्याकडे पुढे येऊ. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांचे आजोळ आहे त्यांनाही हे नवे नाही. रोजच्याला नाचणीची भाकरी आणि पाहुण्याला भात, हा भेद त्या घरांनी पाळलेला आहे.

आता कवीकडे वळू. कनकदास (परंपरेने काळ १५०९–१६०९) हे आजच्या हावेरी जिल्ह्यातील बाड गावचे. ते कुरुब समाजातले, म्हणजे आपल्याकडील धनगरांसारख्या मेंढपाळ समाजातले. पूर्वायुष्यात ते नायक, म्हणजे लढवय्ये स्थानिक अधिकारी होते असे परंपरा सांगते. पुढे ते मध्व संप्रदायातील व्यासरायांचे शिष्य झाले. कागिनेलेचा आदिकेशव ही त्यांच्या पदांतील नाममुद्रा. उडुपीच्या कृष्णमंदिरात त्यांना प्रवेश मिळाला नाही, तेव्हा देवाने तोंड फिरवले आणि भिंतीला पडलेल्या भगदाडातून त्यांना दर्शन दिले, ही आख्यायिका सर्वांना माहीत असते. ती खिडकी ‘कनकन किंडी’ म्हणून आजही दाखवतात. आख्यायिकेत देव वळतो, पण दरवाजा उघडत नाही. हा तपशील लक्षात ठेवा.

काव्यातील प्रसंग असा. लंकेहून परतताना राम आपल्या परिवारासह एका आश्रमात उतरतो. ऋषी नाना पक्वान्ने वाढतात. धान्यांत श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न निघतो. कोणी एक धान्य सुचवतो, कोणी दुसरे, आणि गौतम ऋषी नाचणीचे नाव घेतात. हे ऐकून तांदूळ संतापतो. भर सभेत तो नाचणीला हीन ठरवतो. आपण देवकार्यात, लग्नात, अक्षतांत, ब्राह्मणांच्या पंगतीत असतो आणि ही शूद्रांचे अन्न, हिची आपल्याशी बरोबरी कशी, असा त्याचा युक्तिवाद आहे. इथे एक गोष्ट अनेक वाचकांच्या नजरेतून सुटते. नाचणीने स्वतःसाठी काहीच मागितलेले नसते. तिची स्तुती दुसऱ्याने केली, आणि त्या स्तुतीबद्दल जाब मात्र तिला द्यावा लागतो. ज्यांनी अशी सभा पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

नाचणीचे उत्तर हा काव्याचा सर्वांत जिवंत भाग आहे. ती नम्रपणे बोलत नाही. तांदूळ श्रीमंतांच्या घरी जातो, गरिबाकडे ढुंकून पाहत नाही, पाऊस ओढ देतो तेव्हा लोकांना जगवते ती आपण, असे ती ठणकावते. मग ती आणखी पुढे जाते. बाळंतीण आणि रोगी यांचे पथ्य म्हणजे तांदूळ, प्रेताच्या तोंडी द्यायचा घासही तांदळाचाच, असे ती सुनावते. या टोमण्याचे दोन अर्थ लागतात. ज्या विधींमुळे तांदूळ स्वतःला पवित्र म्हणवतो, त्याच विधींतून नाचणी सुतक आणि मरण बाहेर काढते, म्हणजे प्रतिपक्षाचे शस्त्र त्याच्यावरच उलटवते. पण ते शस्त्र विटाळाचेच राहते. बाळंतिणीचे आणि मृताचे अन्न कमी दर्जाचे का मानावे, हा प्रश्न ती विचारत नाही. अपमानाला उत्तर देताना अपमान करणाऱ्याची भाषा तोंडात येते, ही गोष्ट कनकदासांनी जाणून लिहिली की सहज आली, हे ठरवता येत नाही. मला ती जाणून लिहिलेली वाटते, कारण या जागी कवी कोणाचीही बाजू सावरून घेत नाही.

नावांकडेही पाहा. तांदळासाठी काव्यात ‘व्रीही’ हा संस्कृत शब्द येतो. नाचणीला ‘नरेदलेग’ म्हटले आहे. हा शब्द अस्सल कन्नड आहे आणि त्याचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा, पिकल्या केसांचा. एक पक्ष देवभाषेतले नाव घेऊन सभेत येतो, दुसरा गावातले टोपणनाव घेऊन. भांडण सुरू होण्याआधीच शब्दकोशाने उतरंड मांडून ठेवलेली आहे.

वाद मिटत नाही तेव्हा राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवण्याची आज्ञा देतो. मुदत संपल्यावर दोघांना बाहेर काढतात. तांदूळ नासलेला असतो, नाचणी जशीच्या तशी. भरलेल्या सभेत राम तिला श्रेष्ठ ठरवतो आणि स्वतःचे नाव देतो. राघवाची म्हणून ती रागी. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरणारी नाही, पण काव्याला ती हवी आहे. शेतीच्या दृष्टीने मात्र ही कसोटी काल्पनिक नाही. नाचणीचा दाणा बारीक आणि टणक, त्याला कीड सहसा लागत नाही. कोरडा ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. जुन्या म्हैसूर प्रांतात ती जमिनीखालच्या पेवांत साठवत आणि दुष्काळात बाहेर काढत. मंदिराच्या कोठारात नव्हे, शेतकऱ्याच्या पेवात घडणारी गोष्ट कवीने रामाच्या दरबारात नेली आहे.

आता मूल्यमापनाकडे येऊ. या निवाड्याने काय मोडले आणि काय शाबूत राहिले? जन्मावर आधारलेला दावा मोडला, यात शंका नाही. तांदळाने मांडलेला एकही मुद्दा रामाने ग्राह्य धरला नाही. तुमचे मूळ कोणते, तुम्ही कोणाच्या पंगतीत असता, हे प्रश्न निकालात काढून तो एकच विचारतो : तुम्ही टिकता का? सोळाव्या शतकात, विजयनगरच्या काळात, एका कुरुब कवीने हे लिहावे ही मोठी घटना आहे.

पण ती कसोटी पुन्हा वाचा. निर्दोष ठरण्यासाठी नाचणीला तेवढाच तुरुंग भोगावा लागला जेवढा तिचा अपमान करणाऱ्याला. तिचे मोठेपण सोसण्यातून सिद्ध झाले. खालच्या माणसाने आपली योग्यता सहनशक्तीने दाखवावी आणि वरच्याने ती मान्य करावी, ही मांडणी आपल्याला आजच्या भाषणांतही भेटते. तांदूळ नासला नसता तर? दोन्ही धान्ये सारखीच टिकली असती, तर नाचणीच्या बाजूने बोलायला काव्याकडे काय उरले असते? गरिबाला जगवते हा तिचा मुद्दा निकालासाठी पुरेसा धरला गेला नाही, हे नोंदवायला हवे. शिवाय आश्रमात ज्यांची नावे आधी निघाली ती बाकीची धान्ये या भांडणातून बाहेर पडतात. डॉ. आंबेडकरांनी जातीच्या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, कारण तीत फक्त वर आणि खाली नसते, मधल्या अनेक पायऱ्या असतात. मधल्या धान्यांना या खटल्यात आवाज नाही.

शेवटी नाव. नरेदलेगची रागी झाली, गावातल्या नावाच्या जागी देवाचे नाव आले. इथे विद्यार्थी लगेच म्हैसूरचेच समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना लावतात. १९५२ साली कूर्ग लोकांवरील ग्रंथात त्यांनी ती मांडली. लावायला हरकत नाही, पण एक फरक आहे. श्रीनिवास सांगतात त्यात खालची जात वरच्यांचे आचार उचलते. नाचणी काहीही उचलत नाही, ती आहे तशीच राहते. तिला नाव वरून मिळते. म्हणजे प्रतिष्ठा देण्याचा अधिकार जिथे होता तिथेच राहतो.

मराठीत याला समोरासमोर ठेवावा असा कवी आहे कर्ममेळा. चोखामेळा आणि सोयराबाई यांचा मुलगा, चौदाव्या शतकातला, म्हणजे कनकदासांच्या दोनेकशे वर्षे आधीचा. त्याच्या मोजक्या अभंगांतही विषय अन्नाचाच येतो, पण श्रेष्ठ धान्याचा नाही, उष्ट्याचा. आमची जात हीन केलीस, उष्टे खाण्यात जन्म गेला, याची लाज तुला कशी वाटत नाही, अशा आशयाचा प्रश्न तो थेट विठ्ठलाला करतो. इथे खटल्याची रचनाच उलटी झाली. कनकदासांकडे देव न्यायाधीश आहे. कर्ममेळ्याकडे देव आरोपी आहे, आणि पुरावा म्हणून पुढे ठेवले आहे ते रोजचे ताट. सोसून दाखवतो, मग निकाल द्या, असे तो म्हणत नाही. सोसायला लावलेच का, असे विचारतो.

वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने हरकत घेतली की ही तुलना कनकदासांवर अन्याय करते. आख्यानकाव्यात निवाडा लागतोच, अभंगात प्रश्न करून थांबता येते. तिची हरकत बरीचशी योग्य आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की दोघांच्या जागाही वेगळ्या होत्या. कुरुब कवी उतरंडीत खाली होता, पण सभेत पोहोचू शकत होता. त्याची नाचणी रामासमोर उभी राहते. महार कवीला सभाच नव्हती. त्याच्या वडिलांची, चोखोबांची, समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली ते गाडले गेले, त्यांची हाडे आणून नामदेवांनी तिथे पुरली, असे परंपरा सांगते. त्या मंदिराचा दरवाजा अस्पृश्यांना उघडला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देव वळला तरी दरवाजा उघडत नाही, ही उडुपीची गोष्ट इथेही लागू पडते.

आता तो दर्शिनीतला रागी डोसा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. महादेवपुऱ्याच्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटे, नाचणीचे पोहे आरोग्याच्या नावाने मांडलेले असतात. तिला पुन्हा एकदा वरून नाव मिळाले आहे, या वेळी आहारतज्ज्ञांकडून. तिच्याबरोबर ती खाणाऱ्यांचा मान वाढला का, हे तपासायचे तर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) वाचावे. मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकघरावरचे हे पुस्तक आहे. त्यातले बरेच पदार्थ अजून कोणत्याही दर्शिनीच्या फळ्यावर चढलेले नाहीत, आणि पाटोळे त्यांच्यासाठी कोणाकडे निवाडा मागत नाहीत. ते पाककृती लिहितात. ‘रामधान्यचरित्रे’तील नाचणीच्या भाषणाशेजारी हे पुस्तक ठेवून वाचले, तर ती सभेत काय बोलली आणि काय बोलायचे राहिले, दोन्ही दिसते.