सात गुणांचा ताळेबंद

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बावीस वर्षं बँकेत कारकून. म्हणजे खेळातलं मला काही कळत नाही. जमा-खर्च तेवढा कळतो. तेव्हा अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर टीका लिहायचा अधिकार मला कुणी दिला, असं विचाराल तर सांगतो : भाच्याने. तो शिकायला आयोवा विद्यापीठात गेला आणि महिन्याभरात तिथल्या संघाला ‘आपला’ म्हणू लागला.

“मामा, सीझनची पहिली मॅच. बघाच!” ३ सप्टेंबर २०२२ ला त्याने फोनवर बजावलं. तिकडे सकाळचे अकरा, इकडे रात्रीचे साडेनऊ. घरात त्याच दिवशी गौरी आल्या होत्या. म्हटलं, पावलांचाच दिवस आहे, बघू या.

पण या फुटबॉलचा पावलांशी संबंध बेताचाच. चेंडू हातात घेऊन पळायचं, नाहीतर तो फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं, तर चौथ्या वेळी चेंडू लाथेने उडवून प्रतिपक्षाच्या हवाली करायचा. या नामुष्कीला पंट म्हणतात. आयोवाने त्या दिवशी दहा वेळा पंट केला. टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन गडी अशी काही लाथ मारायचा, की चेंडू प्रतिपक्षाच्या उंबऱ्याशी जाऊन पडे. ओव्हरटाइम द्यायचा झाला तर त्यालाच द्यावा.

निकाल : आयोवा ७, साउथ डकोटा स्टेट ३. भाचा खूश. सात म्हटले की जाणकार टचडाउनचे सहा आणि वरच्या किकचा एक धरतात. मी सवयीने व्हाउचर्स उलटून पाहिली. फील्ड गोलचे तीन. बाकीचे दोन आणि दोन ‘सेफ्टी’चे. सेफ्टी म्हणजे बचाव फळीने प्रतिपक्षाला त्याच्याच घरात लोळवलं, त्याची बक्षिसी. थोडक्यात, आक्रमणाची कमाई तीन, बचावाची चार, टचडाउन शून्य! मिळवता मुलगा घरी बसलाय आणि दारावरचा गुरखा संसार चालवतोय.

आता न्यायाने बोलायचं तर प्रतिपक्ष खालच्या गटातला असला, तरी लेचापेचा नव्हता. पुढच्याच जानेवारीत तो त्या गटाचा विजेता ठरला. पण १० सप्टेंबरला आयोवा स्टेटने आपल्याला १०-७ असं हरवलं, तेव्हाही आपलं एकमेव टचडाउन आलं ते प्रतिपक्षाचा पंट अडवून चेंडू आयता दारात मिळाल्यावर. “मामा, सुरुवात आहे हो!” भाचा म्हणाला. पुढच्या शनिवारी विजांनी तीनदा खेळ थांबवला आणि आपण नेव्हाडाला २७-० असं हरवलं. पण एका मोठ्या ठेवीने शाखा सुधारत नाही. वर्षअखेर सरासरी निघाली सामन्याला १७.७ गुण.

खरी गोम पुढेच आहे. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ, १९९९ पासूनचे. आक्रमणाचे सूत्रधार ब्रायन फेरेंट्झ, त्यांचे चिरंजीव. कागदोपत्री मुलाचा साहेब वेगळा, विद्यापीठाचा क्रीडा संचालक. आमच्याकडे जो व्हाउचर लिहितो, त्याला ते पास करता येत नाही. एकाच घरातल्या दोघांना तर नाहीच नाही. शेवटी २०२३ मध्ये करारातच टार्गेट घातलं : सामन्याला सरासरी २५ गुण. आणि बचाव फळीचे गुणही त्यात धरायचे! तरी जमेना. संघ जिंकत असूनही त्या ऑक्टोबरात जाहीर झालं, की सीझननंतर ब्रायन नसतील.

माझं मत तेव्हापासून पक्कं : विजय ही शिल्लक आहे; ती कुठून आली हे विचारणारा माणूस घराबाहेरचा हवा.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात जेवताना हिला रंगवून सांगत होतो. तेवढ्यात अकरावीतल्या आमच्या चिरंजीवांनी पहिल्या चाचणीचा पेपर सहीसाठी पुढे केला. विषय बुककीपिंग. पंचवीसपैकी सात.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी पेन उघडलं.

“अगं, वर्षाची सुरुवात आहे अजून,” म्हटलं, आणि निमूटपणे पास केलं.