कोणती कादंबरी देऊ?

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले, की फराळाबरोबर पुस्तकांच्या कपाटाकडेही हात वळतात. "एखादी चांगली कादंबरी द्या पाहू," अशी मागणी होते. पण चांगली म्हणजे कोणाला चांगली? पुष्कळदा आपण आपल्याला आवडलेले पुस्तक पुढे करतो. कधी तर आपली अभिरुची उच्च दिसावी म्हणूनही. नाहीतर विषयाला विषय जोडतो. ऐतिहासिक आवडले, आणखी एक ऐतिहासिक घ्या!

पण आवड विषयात असतेच असे नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) घ्या. कोणाला तीतला दरबार आणि मसलती हव्या असतात. कोणाच्या मनात राहतात ते थेऊरला अकाली विझत गेलेले माधवराव आणि त्यांची रमा. या दुसऱ्या वाचकाला आणखी लढाया नकोत. त्याला विश्राम बेडेकर यांचे 'रणांगण' (१९३९) द्यावे. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, चक्रधर, आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. देसाईंची भाषा रेशमी, तर बेडेकरांची कोरडी, तुटक. तरीही प्रेमाला मिळालेली मुदत अपुरी, हे दुःख दोन्हीकडे एकच आहे.

श्री. ना. पेंडसे यांचा 'गारंबीचा बापू' (१९५२) आवडणारेही दोन तऱ्हांचे. ज्याला कोकणच्या मातीचा वास भावला, त्याला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) न्यावे. माणदेशची ती भूमी उजाड, धनगरांची. पण तिथेही गाव हेच मुख्य पात्र आहे, आणि दुष्काळात ते रिकामे होते तेव्हा घरचेच कोणी गेल्यासारखे वाटते. ज्याला मात्र गावाला न जुमानता राधेचा हात धरणारा बापू आवडला, त्याला माडगूळकर संथ वाटतील. त्याच्यासाठी अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा' (१९५९). तिच्यात मनाचे बारीक विश्लेषण शोधू नये. भुकेल्यांसाठी धान्य लुटणाऱ्या वीराची ती कथा पोवाड्याच्या वेगाने धावते.

आणि घरातील आजी? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' हिला आपण समाजसुधारणेची कादंबरी म्हणून बाजूला ठेवतो. आजी ती यमूच्या बोलण्यासाठी, तिच्या आणि दादाच्या मायेसाठी वाचते. अशा आजीला भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) खुशाल द्यावी. पांडुरंग सांगवीकरचा तिरकस सूर आरंभी तिला रुचणार नाही, हे आधीच सांगावे. पण धाकटी बहीण मनी जाते आणि त्या सुराच्या आड दडवलेली माया उघडी पडते, तिथवर ती पोचली, म्हणजे यमूच्या वाचकाला तो परका राहणार नाही.

म्हणून मागणाऱ्याला "कोणता विषय आवडतो?" असे विचारू नये; "मागच्या पुस्तकातले मनात काय राहिले?" असे विचारावे. हा प्रश्न किरकोळ नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला चुकीची दोन पुस्तके लागोपाठ दिली, तर तो पुस्तकांना नव्हे, स्वतःलाच नालायक ठरवतो आणि वाचन सोडून देतो. त्याने पुस्तक अर्धवट परत आणले, तर रागावू नये. ते का आवडले नाही, एवढे ऐकून घ्यावे. पुढचे पुस्तक कोणते द्यावे, हे त्याच्या त्या उत्तरातच सापडते.