रंग : आधीचा की नंतरचा?

रोलाँ बार्थ यांच्या ‘ला शांब्र क्लेर’ (१९८०) या छायाचित्रमीमांसेच्या आरंभी दानिएल बुदिने यांचे १९७९ मधील एक पोलरॉइड छापलेले आहे : निळसर-हिरवा पडदा, त्याच्या फटीतून येणारा उजेड, पुढे उशी. ग्रंथातील हे एकमेव रंगीत चित्र; आणि त्याविषयी बार्थ एक शब्दही लिहीत नाहीत. उलट, ज्या छायाचित्रावर ग्रंथाचा सारा उत्तरार्ध उभा आहे, ते आईच्या बालपणीचे छायाचित्र ग्रंथात नाही. या दुसऱ्या मौनाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पहिले अधिक अडचणीचे आहे. कारण रंग म्हणजे कृष्णधवलाच्या मूळ सत्यावर मागाहून चढवलेला लेप, प्रेताला केलेल्या रंगरंगोटीसारखा, अशी भूमिका याच ग्रंथात घेतलेली आहे.

छायाचित्राच्या घडणीकडे पाहिले तर ही भूमिका टिकत नाही. ल्युमिएर बंधूंच्या, १९०७ साली बाजारात आलेल्या ऑटोक्रोम काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण असत. त्यांतून गाळूनच प्रकाश संवेदी थरापर्यंत पोहोचे. १९३५ चे कोडाक्रोम मात्र प्रथमदर्शनी बार्थ यांच्या बाजूने साक्ष देते. रंग घडवणारी द्रव्ये तेथे फिल्ममध्ये नसत, ती धुलाईच्या वेळी बाहेरून मिळत. डिसेंबर २०१० मध्ये कॅन्ससमधील शेवटच्या प्रयोगशाळेने हे काम थांबवल्यावर उरलेले रोल व्यवहारात कृष्णधवल म्हणूनच धुता येऊ लागले. परंतु कोडाक्रोममध्ये रंग धरताच चांदी काढून टाकली जाई. ज्याच्याखाली चेहराच उरत नाही, त्याला लेप म्हणता येईल काय?

एडविन लँड यांनी १९४७ साली दाखवलेले तत्काळ छायाचित्र तपकिरी छटेचे होते. १९६३ च्या पोलाकलरमध्ये रंगद्रव्य डेव्हलपरच्या रेणूलाच जोडलेले होते. प्रकाश पडेल तेथे ते अडकते. न पडेल तेथून सुटून चित्राच्या थरात जाते. निळा प्रकाश पिवळ्याला अडवतो, हिरवा किरमिजीला. येथे रंग चित्राच्याही आधीपासून हजर असतो, आणि प्रकाश ठरवतो तो कोणता रंग मागे राहील एवढेच. वस्तूपासून निघालेला प्रकाश हाच बार्थ यांच्या दृष्टीने छायाचित्राच्या सत्याचा आधार आहे. मग त्याच प्रकाशाने निवडलेला रंग अवांतर कसा ठरतो, याचे उत्तर ग्रंथात सापडत नाही. ते कदाचित त्या न छापलेल्या, १८९८ च्या फिकट तपकिरी चित्रात असावे. शोकाची ती निवड सिद्धांताच्या भाषेत मांडली गेली, इतकेच.

पोलरॉइडला बार्थ गमतीचे पण निराशाजनक म्हणतात. थोर छायाचित्रकाराचा अपवाद तेवढा करतात. त्याची निगेटिव्ह टाकून दिली जाते किंवा चित्रातच बंद राहते. म्हणजे प्रत एकच. बुदिने यांचा पडदाही वाचकाला भेटतो तो छापखान्याच्या शाईतून.