ज्युरी विसरली, महिने लक्षात राहिले

स्टॅनफर्डचा तो खटला आठवा. मार्च २०१६ मध्ये बारा जणांच्या ज्युरीने ब्रॉक टर्नरला तीन गुन्ह्यांत एकमताने दोषी ठरवलं. जूनमध्ये न्यायाधीश आरन पर्स्की यांनी शिक्षा दिली अवघ्या सहा महिन्यांची. तीन महिन्यांत तो बाहेर. लोक खवळले, ते रास्तच. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा गुन्ह्यात प्रोबेशन बंद केलं. २०१८ मध्ये मतदारांनी पर्स्कींना घरी बसवलं.

पण ज्युरीचं काय? मुलगी बेशुद्ध होती, तिला काहीच आठवत नव्हतं. तरी साध्या माणसांनी तिच्या बाजूने कौल दिला. हे आपण विसरलो, न्याय फक्त महिन्यांत मोजला. आणि सधन पोराला मिळालेल्या सवलतीची किंमत उद्या मोजणार कोण? ज्याला चांगला वकील परवडत नाही, तो!