पार्कात पार कुठे?

बसणं ही एक विद्या आहे आणि या विद्येत आमची वीस वर्षांहून अधिक नोकरी झालेली आहे. बँकेच्या काउंटरमागचा माणूस काम करतो असं कोणी म्हणत नाही, "तो काय, बसलाय आत!" असंच म्हणतात. शिवाय काचेपलीकडची रांग बघत बसण्याचा योग ज्याच्या नशिबी रोज येतो, त्याचा उभ्या माणसाच्या चेहऱ्याचा अभ्यास आपोआप होतो. पहिली पाच मिनिटं तो घड्याळ बघतो, पुढची पाच भिंतीवरचे व्याजदर वाचतो आणि पंधराव्या मिनिटाला त्याची नजर खोलीभर फिरून एखादी रिकामी खुर्ची शोधू लागते. तेव्हा नाटकाची समीक्षा कोणीही करो, बसण्याच्या जागांची समीक्षा मात्र बँकेतल्या कारकुनानेच केली पाहिजे.

आजचा विषय थीम पार्क. या पार्कांवर लिहिणारे लोक पाळणा किती उंच जातो, गाडी किती वेगाने खाली येते आणि पोटात गोळा नेमका कुठल्या वळणावर येतो, हे सगळं इमानाने सांगतात. पण दुपारी अडीच वाजता, धाकट्याला खांद्यावर आणि सगळ्यांच्या टोप्या काखेत घेऊन टेकायचं कुठे, हे कोणी सांगत नाही. नमुन्यादाखल आम्ही या सगळ्या पार्कांचं मूळपीठच घेतलं आहे : कॅलिफोर्नियात अनाहाइमला असलेलं डिस्नेलँड. मुलं अमेरिकेत असलेल्या मराठी आईबापांचं हे चार धामांनंतरचं पाचवं धाम. नातवंडं पुढे पळतात, मुलगा-सून मोबाइलवर रांगांचे आकडे बघतात आणि पांढऱ्या बुटांवर साडी सावरत आजी विचारते, "अरे, जरा बसू या का?" आमच्याबरोबर आमच्या सासूबाई होत्या. वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे मूळचे. म्हणजे समीक्षेचं मापच आम्ही घरून नेलं होतं.

आता गंमत बघा. हे डिस्नेलँड जन्माला आलं तेच मुळी एका बाकावर. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लेकींना घेऊन लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कात जात असत. मुली फिरत्या घोड्यांवर बसायच्या आणि वडील बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये? ही हकीगत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. पुढे १७ जुलै १९५५ रोजी ती जागा उघडली, आणि ग्रिफिथ पार्कातलं एक बाक कालांतराने तिथल्या ऑपेरा हाउसात मोठ्या मानाने मांडण्यात आलं. बाक दर्शनाला ठेवण्याची कल्पना आम्हाला फार आवडली. ज्या वस्तूचा रोजच्या व्यवहारातून वापर कमी होतो, तिचीच पुढे प्रदर्शनं भरतात.

थीम पार्क आणि बाक यांचं वाकडं का, हे कळायला वाणिज्य शाखेची पदवी पुरते. रांगेत उभा असलेला माणूस पुढे सरकतो. दुकानात शिरलेला माणूस खिशात हात घालतो. बाकावर बसलेला माणूस यातलं काहीच करत नाही. तो नुसता असतो. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर बाक ही अनुत्पादक मालमत्ता, म्हणजे बुडीत कर्जाची सख्खी बहीण! डिस्नेलँडमध्ये १९६३ साली यांत्रिक पक्ष्यांच्या गाण्याचं एक दालन उघडलं, त्याचं नाव टिकी रूम. मुळात ते उपाहारगृह व्हायचं होतं. पण लोक पक्षी बघत बसतील आणि टेबलं सोडणार नाहीत, असा हिशेब निघाला आणि जेवणाचा बेत रद्द झाला. खाऊन झाल्यावरही बसून राहणारी ही जमात आम्ही इराण्याच्या हॉटेलात पुष्कळ पाहिली आहे. काही काळ तिचे सभासदही होतो.

रांगेचंही तसंच. १९९९ साली इथे फास्टपास नावाची सोय सुरू झाली. चिठ्ठी घ्यायची आणि ठरल्या वेळी यायचं, तेही फुकट. २०२१ मध्ये तिची जागा पैसे घेणाऱ्या व्यवस्थेने घेतली. आमच्या काउंटरवर कोणी नोट पुढे सरकवून रांग मोडू लागला, तर त्याला काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. तिथे त्याला योजना म्हणतात.

तरीही त्या गर्दीत शांत जागा आहेत, आणि समीक्षकाने गुण असतील तिथे गुण द्यावेत. ती टिकी रूमच घ्या. आत थंडावा, अंधार आणि बसायची सोय. पक्षी गातात ते गावोत, आपण डोळे मिटावेत. किल्ल्याच्या बाजूला एक विहीर, एक लहानसा धबधबा आणि हिमगौरी व सात बुटक्यांचे पुतळे आहेत. तिथे हिमगौरी बुटक्यांच्याच उंचीची घडवलेली असल्यामुळे तिला वरच्या बाजूला उभी केली आहे. दुरून बघणाऱ्याला काही खटकत नाही. हेड ऑफिसच्या ताळेबंदातली ही युक्ती तिथे दगडात बघून आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं. आणि मार्क ट्वेन नावाची जुन्या धाटणीची आगबोट बेटाला सावकाश फेरी मारते. तिला कुठे पोचायचंच नसल्यामुळे कोणी घाई करत नाही.

पण आमच्या मते सर्वोत्तम जागा म्हणजे ते ऑपेरा हाउसच. १९६५ पासून तिथे यांत्रिक अब्राहम लिंकन यांच्या भाषणाचा प्रयोग होत आला. आम्ही गेलो तेव्हा लिंकनसाहेब आपल्या डोळ्यांदेखत खुर्चीतून उठले आणि उभ्याने बोलू लागले. स्वतःहून खुर्ची सोडणारा राजकारणी बघायला इतक्या लांब यावं लागलं याचं आम्हाला नवल वाटत होतं, तोवर शेजारी सासूबाईंचा डोळा लागलेला होता. बाहेर आल्यावर त्यांनी अभिप्राय दिला : "भला माणूस दिसला. स्वतः उभा राहिला, पण आपल्याला बसायला दिलं." आमच्या समीक्षेत याहून नेमकं वाक्य नाही.

दुःख आहे ते पुढेच. अशा जागा हळूहळू कमी होत आहेत. डिस्नेलँडच्या न्यू ऑर्लिन्स चौकात वळणाच्या जिन्याचं एक लहानसं अंगण होतं, देवदूतांचं अंगण. कोणीही आत यावं, घटकाभर थांबावं. २०१३ मध्ये ते बंद झालं आणि तिथल्या सभासदांच्या खासगी क्लबाच्या वाट्याला गेलं. २०१९ मध्ये नवा विभाग उघडण्यापूर्वी गर्दी पुढे सरकावी म्हणून रस्ते रुंद झाले आणि फुलझाडांचे वाफे आखडले. वाफ्याचा कठडा ही नकाशात न दाखवलेली बैठक असते, हे कुठल्याही आजीला विचारा. फ्लोरिडातल्या भावंड-पार्कात १९७३ पासून टॉम सॉयरचं बेट होतं. तराफ्यातून जायचं, झाडाखाली बसायचं, पोरं गुहांमधून धावायची. ६ जुलै २०२५ हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. नदीसह ती जागा मोटारींच्या सिनेमावर बेतलेल्या नव्या विभागाला दिली गेली. पाणी बुजवून मोटारी आणणं हा कार्यक्रम मुंबईकराला नवा नाही, पण आम्ही निदान त्याचं तिकीट लावत नाही.

यावर व्यवस्थापनाची बाजू अशी, की माणसं हजारोंनी येतात; सगळी बसली तर चालणार कोण? हे आम्हाला मान्य आहे. पण कोपनहेगनचं टिवोली बघा. ते १८४३ पासून चालू आहे आणि डिस्नेसाहेब स्वतःचा पार्क बांधण्याआधी ते बघून आले होते. तिथेही तिकीट आहे, पाळणे आहेत, खाण्याची दुकानं आहेत. पण मधोमध शहराच्या जुन्या खंदकातून उरलेलं तळं आहे, फुलबागा आहेत आणि त्यांच्याकडे बघत बसायला बाकं आहेत. पावणेदोनशेहून अधिक वर्षं बाकं ठेवून ज्या धंद्याचं दिवाळं निघालं नाही, त्याची पासबुकं कोणीतरी अनाहाइमला पाठवायला हवीत.

आपल्या जत्रांमधून आम्ही सोयी शोधत नाही. धूळ, भोंगे आणि हरवलेली पोरं यांची तिथे कमतरता नसते. पण देवळाला ओवरी असते आणि वाटेवर पिंपळाचा पार असतो. पारावर बसलेल्या म्हातारीला "आजी, तुम्ही काय घेणार?" असं कोणी विचारत नाही. फार तर "कुठल्या गावच्या?" असं विचारतात. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला फरक कळायला एवढं पुरे.

म्हणून आमची सूचना साधी आहे आणि तीही धंद्याच्याच भाषेत. दमलेलं कुटुंब दुपारी तीनला भांडत बाहेर पडतं. त्याच कुटुंबाला वीस मिनिटं सावलीत बसू द्या, ते रात्रीच्या आतषबाजीपर्यंत थांबतं आणि मध्ये दोनदा आइस्क्रीम घेतं. शिवाय ग्रिफिथ पार्कात त्या बापाला बाक मिळालं नसतं आणि तोही दीड तासाच्या रांगेत उभा असता, तर त्याला पायांच्या दुखण्याखेरीज काय सुचलं असतं? तेव्हा बाकं टाकावीत. पाठ असलेली, सावलीतली आणि शक्यतो भोंग्यापासून दूर. उद्घाटनाला कोणी थोर माणूस बोलवायची गरज नाही. आमच्या सासूबाई येऊन बसतील.