वाचणे आणि वाचणे

जीनोम, म्हणजे पेशीत साठलेला सारा आनुवंशिक मजकूर, हा ‘जीवनाचा ग्रंथ’ होय, हे रूपक आता इतके रुळले आहे की ते रूपक आहे याचाच विसर पडावा. ते साहित्याकडून उसने घेतलेले आहे. तेव्हा ते कोठवर टिकते हे तपासणे साहित्याच्या टीकाकाराचेही काम आहे.

टास्मानियन डेव्हिलचे उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेटावर राहणारा, लहान कुत्र्याएवढा, पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा हा मांसाहारी प्राणी. 1996 साली त्याच्या तोंडावर प्रथम गाठी आढळल्या. हा कर्करोग संसर्गजन्य आहे. एक प्राणी दुसऱ्यास चावला, की कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. 2011 साली सेड्रिक नावाचा नर व स्पिरिट नावाची मादी यांचे जीनोम प्रसिद्ध झाले. त्याआधीच, 2010 साली, याच रोगाने सेड्रिकचा अंत झाला होता. मराठीत ‘वाचणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. ग्रंथाचे रूपक वापरणारे एका अर्थावरून दुसऱ्यावर नकळत उडी घेतात.

म्हणून रूपकच टाकून द्यावे असे मात्र नव्हे. ते अपुरे आहे, कारण त्यात ग्रंथ एकच कल्पिला आहे. जुन्या पोथ्यांचा व्यवहार ज्यास ठाऊक आहे, तो आधी विचारील : प्रती किती, आणि पाठभेद कोणते? संरक्षणाचा सारा प्रश्न याच जागी आहे. 2006 च्या सुमारास निरोगी डेव्हिल वेगळे काढून त्यांची पैदास सुरू झाली. कोणता नर कोणत्या मादीशी जोडावा, हे त्यांच्या जीनोममधील भेद पाहून ठरवले, तर दुर्मिळ पाठ हरवत नाहीत. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अपपाठ गाळून; येथे गाळणे हाच घात आहे. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांवरून दिसले, की या प्राण्यातील वैविध्य रोग येण्याआधीपासूनच तुटपुंजे होते. उलट तो 1996 चा रोग पाहा : त्याच्या साऱ्या पेशी एकाच मादीच्या पेशीच्या नकला आहेत. एकच पोथी अखंड उतरवली जात आहे, आणि बाकीच्या जळत आहेत.

शिवाय ग्रंथाबाहेरचेही काही असते. 2012-13 साली 28 निरोगी डेव्हिल टास्मानियालगतच्या मारिया बेटावर सोडले. ते तेथे नांदले. पण त्या बेटावरील छोट्या पेंग्विनांची वसाहत नाहीशी झाली. हे कोणाच्याही जीनोममध्ये लिहिलेले नव्हते.

टास्मानियातच पूर्वी पिशवीवाला ‘टास्मानियन वाघ’ होता. त्यांतला शेवटचा ज्ञात प्राणी 1936 साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. 2017 साली, मद्यार्कात जपलेल्या एका पिलावरून, त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ आज वाचता येतो. तो प्राणी वाचला नाही. डेव्हिलविषयी लिहिणाऱ्याने हे दोन अर्थ निराळे ठेवावेत, एवढीच टीकाकाराची मागणी आहे.